ग्रहणाच्या दोन तास आधी

...नाही, थंडीबद्दल माझी तक्रारच नाही! हिवाळ्यात थंडी पडणार, नाहीतर काय घाम फुटणार? पण माणसानं आपल्या पायांनी, हातात थर्मास घेऊन, सहकुटुंब, ग्रहणाच्या दोन तास आधी गच्चीवर जाऊन कुडकुडत बसायचं... आणि माझा धंदा काय? घड्याळं दुरुस्त करायचा! हसा, हसा. तुम्ही नाही हसणार तर कोण हसणार!

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या अण्णांपायी. अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, आवाज पंचविशीतला. मी सहा महिन्यांचा होतो तेव्हा असंच खग्रास चंद्रग्रहण होतं. अण्णा गच्चीवर चढले, आता चंद्र लाल होणार, तेवढ्यात खाली मी भोकाड पसरलं! आई तापानं फणफणलेली, मग अण्णा धावत खाली, मला खांद्यावर टाकलं, रात्रभर येरझाऱ्या घातल्या, आणि ग्रहण गेलं. झालं! तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं मी ऐकतोय. गणितात नापास झालो, "यानं माझं ग्रहणसुद्धा हुकवलं." माझं लग्न ठरवायला माणसं आली, त्यांच्यासमोर, "मुलगा गुणी आहे हो, पण माझं ग्रहण हुकवलं यानं!" सांगा, कुठं तोंड लपवायचं?

मधे ग्रहणं झाली नाहीत का? झाली की! एकदा ढग आले, एकदा अण्णांची कंबर धरली, मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि अण्णांचं पहिलं वाक्य काय? "अरे, तू केवढा म्हातारा दिसायला लागलास!" आणि दुसरं, "ग्रहण कधी आहे?" म्हटलं, अण्णा, या वेळी मी दाखवतो. शब्द दिला! एकदाचं दाखवलं की तो टोमणा तरी कायमचा मिटेल.

ग्रहण लागणार होतं साडेअकराला. आता आमच्या हिचं आवरणं म्हणजे... 'निघालेच' म्हटल्यापासून पायात चप्पल जाईपर्यंत माणसाची दाढी वाढते! म्हणून संध्याकाळी, दिवे लागल्यावर, कुणाचं लक्ष नाही बघून, भिंतीवरचं घड्याळ गुपचूप वीस मिनिटं पुढं केलं. घरात घड्याळ एवढं एकच. माझं मनगट मोकळं, दिव्याखाली अंधार! आणि मोबाईल? ते अण्णांनी आधीच गोळा करून आपल्या उशीखाली घातलेले. "उजेडानं डोळे दिपतात, मग ग्रहण काय डोंबल दिसणार!"

जेवायला बसलो तेव्हा घड्याळात दहा, आणि मला भूक म्हणून नाही. म्हटलं, उत्साहानं मेली असेल. सव्वाअकराला वर गेलो, तर समोरच्या एकूणएक खिडक्यांत दिवे. म्हटलं, बघा, लोकांना केवढी आवड! एवढं सगळं डोळ्यांसमोर, आणि डोक्यात प्रकाश नाही. आणि माझा धंदा काय? घड्याळं दुरुस्त करायचा!

बसलो. वर चंद्र असा गरगरीत, कुठं साधा ओरखडा नाही. नाक बधिर, कान बधिर, चहा संपत आला... आमची ही म्हणाली, "अहो, तारीख तरी नीट बघितली होती ना?" लेक म्हणाली, "बाबा, वर्ष बघितलं होतं ना?" अण्णा म्हणाले, "रद्द झालं असेल."

"अण्णा, ग्रहण रद्द होत नाही!"

"तू असलास की होतं."

तेवढ्यात खालून रखवालदाराची शिट्टी. मी कठड्यावरून ओणवा झालो, म्हटलं, "अहो, हे ग्रहण का लागेना?" तो मान वर करून म्हणतो, "लागेल की साडेअकराला! आत्ताशी कुठं दहा वाजलेत. तुम्ही ते घड्याळवालेच ना?"

मी घसा खाकरला. "मी... वीस मिनिटं पुढं केलं होतं." ही पदराशी चाळा करत म्हणाली, "मी अर्धा तास. तुमचा भरवसा नाही म्हणून." लेक म्हणाली, "मी पंचवीस मिनिटं. आईसाठी." अण्णा आपले चंद्राकडं बघत बसलेले. "अण्णा?"

"पाऊण तास," अण्णा म्हणाले, "तुम्हा तिघांसाठी!"

त्या दोघी पाय आपटत खाली गेल्या झोपायला. मी म्हटलं, अण्णा, आपणही जाऊ, वेळेवर परत येऊ. तर म्हणाले, "नको रे. मागच्या वेळी खाली गेलो आणि हुकलं." म्हटलं, बसतो तुमच्याबरोबर. अण्णांनी आपली अर्धी रजई माझ्या अंगावर टाकली आणि चंद्राकडं बघत माझी पाठ थोपटायला लागले, उगाच, सवयीनं... आणि तिथंच घात झाला!

डोळे उघडले तर चंद्र पांढराशुभ्र, आणि तिघं मांडी घालून ताज्या चहाचे कप तोंडाला लावून बसलेत. "काय दिसला रे!" अण्णा म्हणाले, "घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा लाल!" लेकीनं तर उशीखालून मोबाईल काढून आणलेला, फोटोच दाखवला. वर लाल चंद्र, खाली माझं उघडं तोंड. म्हटलं, अरे, मला कुणी उठवलं का नाही? ही म्हणाली, "आम्ही उठवत होतो, अण्णांनीच नको म्हटलं."

"उठला की रडतो तो," अण्णा म्हणाले.

मग मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, अण्णा, तुमच्यामुळं माझं ग्रहण हुकलं! चव्वेचाळीस वर्षं मी ऐकलं, आता पुढची चव्वेचाळीस वर्षं तुम्ही ऐकून घ्यायचं!

अण्णांनी कप खाली ठेवला. "चव्वेचाळीस? लिहून दे."

काय करता? खाली आलो, कागद घेतला, दिलं लिहून. वर तारीख, खाली सही, आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळसुद्धा टाकली. नंतर लक्षात आलं, ते अजून दोन तास पुढंच होतं! म्हणजे अण्णांना चव्वेचाळीस वर्षं, वर दोन तास फुकट! खोडणार होतो... म्हटलं, असू दे. आणि माझा धंदा काय, तर घड्याळं दुरुस्त करायचा. पण हे घड्याळ मी काही दुरुस्त करत नाही बुवा!