श्रावणातला सॅमन

नको रे संकेत, तो डबा उघडू नकोस. श्रावण चाललाय. सॅमन आवडतो मला, नाही कशाला म्हणू — वर्षभर आमच्याकडे माशांवाचून पान हलत नाही — पण या महिन्यात नाही. माशांच्या पोटात अंडी असतात, आता त्यांना सोडा, असं आई म्हणायची. आणि तू नेमका सॅमन आणलायस, वर नारिंगी गाभोळी, म्हणजे अंडीच पेरून. असू दे. होणारा जावई पहिल्यांदा जेवायला आला, चुकलं तर चुकलं, त्याचं नाही मला काही. मला किळस आली ती मघाशी तू फोनवर नकाशा दाखवलास त्याची. काय म्हणालास? — "काकू, तुम्ही नि इरा अलास्कात फिरलात ना, त्याच नदीच्या उगमापाशी आमच्या कंपनीची तांब्याची खाण येतेय." केवढ्या कौतुकानं सांगितलंस रे, घर घेतल्यासारखं.

त्या नदीवर आम्ही रबरी होडीतून गेलो, गेल्या वर्षी. इराच्या हट्टापायी. मी इथे टॅम्पिनीसच्या उंच इमारतीत राहणारी शहरी बाई, लिफ्ट अडकली तरी घाम फुटतो मला — आणि तिथे काठावर अस्वलं, तंबू ओला, डासांनी फोडून काढलेलं. पण पाण्यात बघावं तर हेच सॅमन, लालभडक, दाटीवाटीनं, उलटे वर चढणारे — आपल्या कोकणात चढणीचे मासे असतात ना, तसेच, फक्त हातभर लांब. अंगाची सालटी निघालेली, खाणं सुटलेलं, तरी चढतायत. कशासाठी? अंडी घालायला, दुसरं काय. तिथली एक म्हातारी मासे चिरून वाळत घालत होती. तिनं मला तुकडा दिला. श्रावणच होता. खाल्ला मी. तिच्या घरात वर्षभराचं अन्न तेच, नको कसं म्हणायचं? इराच्या बाबांनाही हे सांगितलेलं नाही, तुला का सांगत बसलेय कोण जाणे.

आणि तू म्हणतोस बांध पक्का आहे, खाणीतला विषारी गाळ बांधाआड कायमचा राहील. कायमचा? अरे, वरच्या फ्लॅटमधलं पाणी आमच्या बाथरूमच्या छतातून ठिबकतं, तेवढं थांबवता थांबवता नाकीनऊ आले — आणि तुम्ही भूकंपाच्या मुलखात कायमचं काही बांधणार. हसू नकोस. शिसारी येते मला. इथे एसीत बसून कुणाचं तरी पाणी नासवायचं, आणि वर माझ्याकडे जेवायला यायचं.

इरा येईलच आता एवढ्यात, तिला या खाणीचं कळलं की काय होईल, विचार केलास? तुझ्याबद्दल मीच तिला म्हटलं होतं, मुलगा सरळ आहे, हो म्हण. आता तूच सांग तिला, माझ्यासमोर. तिथून निघताना काठावर बसून रडली होती पोरगी, किती समजूत काढली मी — मान का खाली घातलीस? ठाऊक आहे तिला? — कधीपासून? — जायच्या आधीपासून? — म्हणजे तिथे ती रडत होती ते… सगळं ठाऊक असून?

नीघ तू. खाली लिफ्टपाशीच गाठ तिला. वर आणू नकोस.