याकूबचं खुंग, आणि लांब वाजलेला फोन

मंडळी, कामं टाकून याकूबच्या शोकसभेला आलात, बसा. याकूबचा मुलगा इम्रान पुढेच बसलाय. त्याच्याकडे बघून बोलायला मला जड जातंय. मी दत्ताराम, पोलादपूरचा. जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, भाषण कधी केलं नाही. पण आज बोललो नाही तर हे छातीत तसंच बसून राहील.

तुडीलचा आपला याकूब आखातात एका चिनी कंपनीच्या गोदामात होता. तिथल्या चिनी स्वयंपाक्याने त्याला एकच अक्षर नीट शिकवलं. खुंग. नोकरी सोडून त्याने गाव धरल्यावर आमची गाठ या वाचनालयात पडली. पेपराच्या कडेला तो ते काढायचा, 空. वर गुहा, खाली काम. मी म्हटलं, "गांधारपाल्याची लेणी काढतोयस काय?" तर म्हणाला, "हसू नको रे. डोंगर आतून कोरला की काय उरतं? रिकामी जागा. तोच खुंग."

काय काय होतं म्हणून सांगू त्या एका अक्षरात! खुंग म्हणजे रिकामं. खुंग म्हणजे आकाशसुद्धा. त्याला बोलण्याचं अक्षर जोडलं की पोकळ गप्पा. हाताचं जोडलं की रिकाम्या हाताने. थोरली बहीण जोडली की विमानातली हवाईसुंदरी. "म्हणजे रिकामी ताई?" मी विचारलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. घर जोडलं की रिकामं घर. हे सांगताना मात्र हसायचा नाही. बायको गेलेली, मुलगा कुवेतला, चार खोल्यांत हा एकटा.

आणि सूर जरा खाली आणला की त्याच अक्षराचा अर्थ फुरसत. भेटला की पहिलं हेच. "दत्ता, खुंग हाय काय रे? दोन दिवस राहायला ये." मी म्हणायचो, लावणी होऊ दे. मग म्हणायचो, गणपती होऊ देत. खरं सांगतो मंडळी, मला फुरसत होती. रिटायर माणसाला कसलं आलंय काम? कंटाळा होता, दुसरं काय.

आमचं एक ठरलेलं होतं. आखातातली सवय. रोज सकाळी सातला तो मला मिस्ड कॉल द्यायचा. एक घंटी, की बंद. म्हणजे मी बरा हाय. उचलायचा नाही, हा नियम. तिकडून असेच निरोप यायचे, इथल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे.

त्या दिवशी फोन वाजला. एक घंटी झाली. दुसरी झाली. वाजतच राहिला. मी दाढी करत होतो. याकूबचं नाव दिसलं. म्हटलं, म्हातारा बंद करायला विसरला. उचलला नाही. नियम होता ना? फोन आपणहून थांबला. मी दुसऱ्या गालाला साबण लावला.

दुपारी शेजाऱ्यांनी त्याचं दार उघडलं. फोन त्याच्या हातातच होता.

एका अक्षराचे इतके अर्थ त्याने मला शिकवले. लांब वाजणाऱ्या घंटीचा अर्थ आम्ही कधी ठरवला नाही. तो काय ठरवायला लागतो? डॉक्टर म्हणाले, उचलला असता तरी उपयोग नव्हता. नसेल. पण कोणीतरी "हां, बोल" म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही.

आता रोज सातला मला फोन ऐकू येतो. धावत जातो. बायको म्हणते, वाजलाच नाही. मला ऐकू येतो.

इम्रान, बाळा, हे तुला एकट्याला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं. माफ कर असं म्हणत नाही. तुला कळायला हवं होतं.

मंडळी, दोन मिनिटं उभे राहूया. दुवा मागणाऱ्यांनी दुवा मागा, हात जोडणाऱ्यांनी हात जोडा. एरवी अशा वेळी फोन बंद करायला सांगतात. आज चालू ठेवा. कोणाचा वाजला, तर शांतता मोडली तरी चालेल. उचला.