हंडी गप होईपर्यंत

जालना स्टेशनावर हैदराबादची गाडी अजून आली नव्हती. बाकावर माझ्या शेजारी तरुण रहिमुन्निसा आणि तिची म्हातारी मावशी जन्नतबी बोलत बसल्या होत्या.

“खाला, भाऊ सहा सालांनी ह्या गाडीनं येऊन राह्यला. अम्माच्या हातचं सालन मागंल, अन् अम्मा तर आता न्हाई राह्यली. मी मोठ्या जनावराचं गोश्त घेतलं, मांडीचं, रान. बिलकुल लाल.”

“येडे, रान पपईत मुरवून तव्यावर भाजतात. हंडीत तिची वादी होती.”

“मंग अम्मा काय घ्यायची?”

“सीना. छातीचं, चरबीहाडासकट. झाकण कणकेनं बंद करायची, पऱ्हाटीच्या, कापसाच्या काड्यांच्या निखाऱ्यावर ठेवायची, अन् उघडायची न्हाई. घरी जाताना वाटंत सीना घेऊ.”

“न उघडता शिजलेलं कळायचं कसं?”

“कान देऊन. आधी पाणी बोलतं. मंग चरबी बोलती, हळूहळू. मंग दोघंबी गप होतात. तवाच हंडी उतरवायची.”

“मला वाटायचं, अम्मा हंडीला गुपित सांगती.”

“ऐकायची ती.”

“अन् आज माझं चुकलं तर?”

“चुकलं तर भाऊ पोटभर जेवंल. बराबर जमलं, तर एका घासात उठून भाईर जाईल. त्याच्या मागं जाऊ नको.”