गुस्तावला वेग मानवत नाही

नाही नाही रे डेल, नवा कॉम्प्युटर मला दाखवूसुद्धा नकोस — तुझ्याच दुकानातून नेलेल्या नव्यानं माझी ही दशा केलीय! मला तो हवाय, तो, खाली धूळ खात पडलेला, पिवळा पडलेला. हो, तोच. मंद आहे? मंदच पाहिजे मला. मठ्ठ. जितका मठ्ठ तितका चांगला.

अरे, माझ्या पॅनकेकच्या हॉटेलात भिंतीवर गुस्ताव आहे ना — मूसचं, त्या अगडबंब हरणाचं मुंडकं, एवढाली शिंगं — कुणाचा वाढदिवस असला की मान डोलावत गाणं म्हणतो. अख्ख्या डुलुथ शहरातली पोरं त्याच्यासमोर मेणबत्त्या विझवत मोठी झाली. त्याचा प्रोग्रॅम टोइवोनं लिहिला, माझ्या नवऱ्यानं — पूर्वीच्या, पूर्वीच्या नवऱ्यानं. आणि त्या शहाण्यानं काय करावं? मान वर कर, वीस हजारांपर्यंत आकडे मोज, मग खाली कर. घड्याळ बघायचं नाही, नुसते आकडे मोजत बसायचं! जुना प्रोसेसर बिचारा रखडत मोजायचा, तेवढ्यात सेकंद उलटायचा, गुस्ताव कसा ऐटीत डोलायचा. तो जुना कॉम्प्युटर जळला. तुझा नवा बसवला. याचे आकडे पापणी लवायच्या आत मोजून तयार! परवा पाद्री हॉकन्सनचा वाढदिवस — गुस्तावनं गाणं शिंक दिल्यासारखं उरकलं, मान अशी गदागदा हलली की डावं शिंग सुटलं ते थेट पाद्रीबाबांच्या मेपलच्या पाकात. त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले, ते चर्चमध्ये मी कधी ऐकलेले नाहीत.

आणि तुझा तो वेग कमी करणारा प्रोग्रॅम? घातला ना! पण तुझा नवा एका वेळी दहा उद्योग करतो — गुस्तावला अर्ध्यात सोडून गेला स्वतःचं काहीतरी अपडेट करायला. गुस्ताव एक डोळा मिटून तसाच. गिऱ्हाइकं विचारतायत, याला झटका आला का?

टोइवोला फोन? कशाला? शनिवारी येतोच आहे तो, ॲरिझोनाहून, त्या नव्या बायकोला घेऊन — आमच्या लेकीच्या, आयलीच्या साखरपुड्याची न्याहारी आहे, माझ्याकडेच. सोडून जाताना म्हणाला होता, "इल्मा, माझ्याशिवाय हा मूस एक हिवाळाही काढायचा नाही." कितीतरी काढले! आता त्याच्यासमोर शिंग पाकात पाडू? की वायर काढून ठेवू? — म्हणजे टोइवो शिडी लावून चढणार, प्रोग्रॅम उघडणार, एक आकडा बदलणार — हो, एकच आकडा, पाच मिनिटांचं काम, माहितीये मला! — आणि उघडला की ते शेवटचं त्याच्या नजरेला पडणार, आणि तो ते काढून टाकणार.

कुठलं शेवटचं? काही नाही रे. गाणं संपलं की गुस्ताव डोळा मारतो. गिऱ्हाइकांना वाटतं, आपल्यालाच. नाही, गल्ल्याकडे बघून मारतो. गल्ल्यावर कोण बसतं? — कुणीतरी बसायलाच हवं ना! नव्यावर तो डोळा इतक्या झटकन मिटतो-उघडतो की दिसतच नाही. गाण्याचं सोड, शिंगही चिकटवीन मी, पण…

हसतोस काय? दात आत घे. ते पुढचं बटण बघ — दाबलं की आणखी सावकाश चालतो ना हा? दाब. दाबूनच ठेव. आणि दार उघड आता, माझे दोन्ही हात गुंतलेत.