शूटिंगच्या दिवशी उघडलेले फाटक

मी, राडोस्लाव्ह पिएला, वय २२ वर्षे, धंदा बेकरीचा पाव पोचवणे, तंत्रशाळा अर्धवट सोडलेली, राहणार प्रागा, वॉर्सा, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

दिनांक १४ मार्च १९९९ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आमच्याच गल्लीत पळत होतो. अडुसष्ट सालच्या विद्यार्थी आंदोलनावर सिनेमा निघत आहे. त्यात मी गर्दीतला विद्यार्थी होतो. साध्या कपड्यांतले पोलीस झालेले नट दंडुके घेऊन ‘सहल’ अशी पाटी लावलेल्या बसमधून उतरले. खरे पोलीसही तेव्हा अशाच पाटीच्या बसमधून विद्यापीठात शिरले होते, असे दिग्दर्शकांनी आम्हांला सांगितले होते. आम्ही सरळ चर्चपर्यंत पळायचे ठरले होते.

आठ नंबरच्या चाळीचे फाटक एरवी दिवसाही बंद असते. ते उघडे होते. तिथल्या रखवालदार गेनोवेफाबाई, वय अंदाजे ७५, बादली घेऊन उभ्या होत्या.

"आत या रे पोरांनो, पटकन!"

आम्ही सहा जण आत शिरलो. मागून पोलिसाच्या कामातले श्री. व्हितोल्ड आले.

"आजी, थांबा! मी नट आहे!"

"तेव्हाचे पोलीस सहलीला आले होते. तू नट होय!"

बादली त्यांच्या मनगटावर बसली. ते ओरडत बाहेर गेले. बाईंनी फाटकाला आतून कुलूप घातले, आम्हांला कोळशाच्या तळघरात नेले आणि डुकराची चरबी लावलेला पाव व खारवलेल्या काकड्या दिल्या.

मी म्हणालो, "आजी, आम्ही कोण, कुठले, ते तरी विचारा."

"आधी खा. विचारणारे बाहेर उभे आहेत."

बाहेर कर्ण्यावरून "कट! कट!" असे चालले होते. "ओरडू दे मेल्याला," असे त्या म्हणाल्या.

सिनेमा आहे हे बाईंना माहीत होते काय, असे मला विचारण्यात आले. माहीत असेल तर मुद्दाम मारल्याचा गुन्हा होतो. नसेल तर डोके फिरले म्हणून नोकरी आणि खोली दोन्ही जातात. कॅमेरा फाटकासमोरच होता. कॅमेऱ्याच्या माणसांना सकाळी चहा बाईंनीच दिला होता. तरीही मला काही ठरवता येत नाही. चर्चकडे जायचे असताना आम्ही सहाही जण आत का वळलो, याचा मी कालपासून विचार करत आहे. फाटकातून शिरताना हा सिनेमा आहे हे मलाही आठवत नव्हते.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य गाळू का, असे हवालदारांनी विचारले. मी राहू द्या म्हणालो. ते धरून सर्व बरोबर आहे.