रबराचा पडदा

— नाही नाही काकू, बोलू नका, नुसतं हूं म्हणा, दुखलं तर डावा हात वर. रूट कॅनालचा हा रबराचा पडदा दातावर बसला ना, की तोंड माझ्या ताब्यात. सकाळी फिरायला जाता तेव्हा माझ्या आईला तुम्ही एक वाक्य पुरं करू देत नाही म्हणे — मग आज माझी पाळी. हसू नका, क्लिप निसटेल.

तर काय म्हणत होते? हां, दवाखाना बंद. बाहेरची पाटी वाचलीत ना — पुढच्या आठवड्यात बंद आहे, आईला सांगितलंय कॉन्फरन्स आहे. कॉन्फरन्स कसली! ऑपरेशन आहे. माझं. — एवढे मोठे डोळे नका करू, उजेड डोळ्यांत जाईल. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. लहान आहे. सगळे तेच म्हणतात, लहान आहे, लहान आहे, जसं काही बाळ झालंय. मला काही वाटत नाहीये, खरंच. रिपोर्ट वाचला, मोबाईल खिशात टाकला आणि पुढच्या पेशंटची अक्कलदाढ काढली. छान निघाली.

आधी आमच्या जुन्या मॅडमना दाखवलं, कॅन्सरच्या सर्जन आहेत त्या. त्या म्हणाल्या, पोट उघडून करणार, बेंबीच्या खाली मोठा छेद, मग घरी दीड महिना वाकायचं नाही, उचलायचं नाही, या खुर्चीपाशी उभं राहायचं नाही. मी म्हटलं, मॅडम, रोबोटने, छोट्या भोकांतून? हल्ली कोण पोट उघडतं? तर म्हणाल्या, बाकीच्या ऑपरेशनांना मीही रोबोट वापरते, पण या आजारात, एका मोठ्या अभ्यासात, छोटी भोकं पाडून केलं त्या बायकांमध्ये आजार जास्त वेळा परत आला, उघडून केलं त्यांच्यात कमी. का? ते नक्की नाही सांगता येत. कदाचित आत काम करताना आजाराच्या पेशी पोटात सांडत असतील. रोबोटचा वेगळा अभ्यास चालू आहे — निकालाची वाट मी बघीन, म्हणाल्या, पण तुझ्या पोटावर नाही. अशाच बोलतात त्या.

मग मी दुसरे डॉक्टर गाठले. गाठले म्हणजे काय, हवं ते उत्तर मिळेपर्यंत फिरले. खोटं नाही बोलले हो ते, त्या अभ्यासाचंही सांगितलं — पण कसं, विमानात पट्ट्याबिट्ट्यांचं सांगतात ना, तसं. आणि मीही तसंच ऐकलं. रोबोटने चार-पाच भोकं, दोन दिवसांत घरी. तारीखही घेऊन टाकली. नवऱ्याला व्हिडिओ दाखवला, रोबोट द्राक्षाचं साल काढतोय. म्हणाला, तुझ्यापेक्षा हात हलका आहे की! मग बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. — जरा अजून उघडा. बास.

व्रणाचं मला काही नाही. व्रण कोण बघणार आहे? आई. आईच बघणार, महिना-दीड महिना घरात आडवी दिसले तर कळणारच तिला. तुमची ओळख नंतरची, तुम्हाला नाही माहीत — मावशी याच आजाराने गेली तेव्हा आई वर्षभर बोलली नाही. घासलेली भांडी परत घासायची. ती बाई मला परत बघायची नाहीये. त्यापेक्षा चार दिवस कॉन्फरन्स, आले, दमलेय, झोपते, संपलं. — तुम्ही तिला सांगणार नाही. मान हलवू नका, कळलं मला.

काय? हात का वर? दुखतंय? नाही? मग — पडदा? काढू म्हणता? माहितीये, घुसमटतं, सगळ्यांनाच घुसमटतं, सगळेच मागे लागतात. नाही काकू. नाकाने श्वास घ्या, हळू. हा काढला तर तुम्हाला बरं, मलाही सोपं, काम चटकन होईल — आणि आतली घाण घशात, लाळ दातात. आज कुणाला दिसणार नाही. सहा महिन्यांनी जबडा सुजेल. तुम्हाला आत्ता तासभर बरं वाटावं म्हणून मी काय —

…

नाही, काही नाही. मॅडमसारखंच बोलायला लागले की मी.

फोन. त्या रोबोटवाल्या डॉक्टरांकडचाच असेल, आज हो-नाही पक्कं सांगायचं होतं. हातमोजा काढते, थांबा. — हॅलो. हो, मीच बोलतेय. नाही, तारीख बदलायची नाहीये, रद्दच करायचीय. नाही हो, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. दुसरीकडे करणार आहे. उघडून. हो. ती जागा द्या कुणाला तरी.

…

झालं. पडदा काढला बघा. चूळ भरा. गाल तासभर बधिर राहील, तोवर काही खाऊ नका, चावला गेला तरी कळणार नाही. कॅप बसवायला मी नसेन, समोरचे डॉक्टर बसवतील, मी बोलून ठेवते. — अहो, तुम्ही का रडताय? मला येत नाहीये तर तुम्हाला कुठून? टिश्यू घ्या. आई वर गच्चीत आहे, कपडे वाळत घालतेय. मी जाते. तुम्ही नका येऊ. जा काकू, घरी जा.