अर्जदार कोण?

माझ्या पोडावरच्या मायबापहो, खालच्या गावातल्या माणसांनो, बोरी अरबहून एसटीनं आलेल्या पाहुण्यांनो,

तुम्ही सगळे आलात. शाळेचं पटांगण भरलंय. मी नर्स आहे. मरण बघणं, घरच्यांना धीर देणं हे माझं रोजचं काम. पण परवा लेतूआजाचा हात माझ्या हातात थंड पडला. धाय मोकलून रडले मी. आज रडणार नाही. आज मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

पाहुण्यांना सांगते. पोड म्हणजे आमची टेकडीवरची कोलामांची वस्ती. लेतू टेकाम तिचा नाईक, म्हणजे प्रमुख, आणि अख्ख्या पोडाचा आजा. आमच्या पोडाची एक रीत आहे. सोयरीक मागायची तर बाप एकटा जात नाही. अख्खा पोड जातो. पोरीकडचे विचारतात, मागणारा कोण? तेव्हा सगळे उभे राहतात. कोणाचा तरी एकट्याचा पोरगा असतो, पण मागणारे सगळे असतात.

मी बारावी झाले तेव्हा कापसाचे दिवस फार वाईट होते. बोंडं झाडावरच सडली. वेचणी नाही, मजुरी नाही. दिग्रसला जिनिंगवर गेलेली माणसं हात हलवत परत आली. खालच्या गावात कोणा शेतकऱ्यानं फास घेतला की गाड्या भरून लोक यायचे, कोण मेलं विचारायचे, फोटो काढायचे. आजा टेकडीवरून बघायचा. म्हणाला, “मेल्यावर इचाराले सारे येतात. पोरगी शिकाले निघाली तं एक नाही आला.”

ती पोरगी मी. यवतमाळला नर्सिंगला नंबर लागला होता. आदिवासी पोरांची स्कॉलरशिप मिळाली तर शिक्षण, नाही तर कमरेला ओटी बांधून दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचा. स्कॉलरशिपच्या ऑफिसातून पत्र आलं, अर्जदाराने समक्ष हजर राहावे. शाळेच्या मास्तरांनी ते चावडीवर वाचून दाखवलं. आजानं मान हलवली. “बरोबर हाये. मागणाऱ्यानं समक्षच जा लागते.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा पोड एसटी स्टँडवर! म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळे. कंडक्टर म्हणाला, लग्न आहे काय? आजा म्हणाला, “हो. पोरीले कॉलेजात द्याले चाललो.”

मी लाजेनं खिडकीबाहेर बघत होते. ऑफिसात बाबूनं आवाज दिला, “अर्जदार कोण?”

सगळे उठले.

बाबू हसला. आजूबाजूचे हसले. “अहो, अर्जदार एकच असतो. बाकीचे बाहेर व्हा.” आजा काही हसला नाही. “साहेब, आमच्यात एकटं कोणी नसते.” बाबू चिडला. फाइल वर गेली नाही, पुढच्या आठवड्यात या म्हणाला. आजा म्हणाला, “पुढच्या आठवड्यातबी येऊ. आज बसतो.” आणि बसलो. व्हरांड्यात भाकर-ठेच्याची गाठोडी सोडली. ऑफिसातल्या माणसांना आमच्यातून वाट काढत जावं लागलं. एकानं आजाला म्हटलं, “बाबा, असं मागून मिळत नसतं.” आजाचं उत्तर तुमच्यातल्या कित्येकांनी ऐकलंय. “मागाले नाही आलो. घ्याले आलो.”

त्या दिवशी काही मिळालं नाही, हे खरं सांगते. पुन्हा गेलो. पुन्हा तोच आवाज, पुन्हा सगळे उभे. शेवटी मोठे साहेबच बाहेर आले, आणि फाइल वर गेली. मी शिकले. माझ्यामागून पोडातली पोरं शिकली. मग बाजूच्या तांड्यातली माणसं विचारायला आली, बौद्धवाड्यातली आली, तुम्ही कसं करता? आजा सांगायचा, “काही नाही करत. उभे राह्यतो.”

आता रागाचं सांगते. आजाची नात मंगली. तिचा स्कॉलरशिपचा अर्ज परत आला. का? अर्जदार समक्ष नव्हती म्हणून. कुठे होती ती? दवाखान्यात, आजोबाच्या उशाशी! आता म्हणतात, सोमवारी या. सोमवार चुकला तर हे वर्ष गेलं. वर्ष गेलं की पोरगी वेचणीला जाते आणि परत येत नाही. मी बघितलंय. तुम्हीही बघितलंय.

काल चावडीवर मंगलीचे बाबा, देवरावभाऊ म्हणाले, “सुनंदा, सुतकाचे दिवस होईस्तोर पोड सोडाची रीत नाही. बाप मेला माह्या.” भाऊ, तुमचं दुःख मोठं आहे. त्याच्यावर मी बोट ठेवत नाही. पण रीत एकच आहे काय आपली? पोडात बसून राहायची रीत आपली, आणि मागायला सगळ्यांनी जायची रीत कोणाची? तीही आपलीच ना? या दोघींपैकी लेतू टेकाम कोणती धरून जगला?

दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यानं मला विचारलं, “सोमवारी कोण कोण चाललं?” मी म्हटलं, सगळे. तो म्हणाला, “असं उडवू नको. नावं सांग.” मी सांगत गेले. एकेकाचं नाव. तुमचं, काकू. तुमचं, मास्तर. देवरावभाऊ, तुमचं मी पहिलं घेतलं. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, “मंगलीची माय?” मी म्हटलं, तीबी. मग त्याचा डोळा लागला, तो उघडला नाही.

मी मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं काय? तुम्हीच ठरवा.

मी फोटोला हार घालणार नाही. त्याला हार आवडत नव्हते. शांतता पाळायची ती आपण पाळू, पण आधी मला त्या बाबूच्याच आवाजात एक विचारू द्या. तोंडानं उत्तर देऊ नका. लेतूआजानं शिकवलं तसं द्या.

मंगली टेकाम. अर्जदार कोण?

...

देवरावभाऊ, तुम्ही पहिले उठलात.

असेच राहा सगळे. आता कोणी बोलू नका. आजा, मोजून घे, तुझी माणसं उभी आहेत.